आधी माफी, मग प्रार्थना

हजीऱ्याला कंपनीच्या गेटवर होतो, तेव्हा रूथचा फोन आला. "दादा, पप्पा गेले रे... प्रभूकडे." धाकट्या बहिणीला धीर द्यायचा सोडून माझ्या मनात आलं ते हे, की पप्पांनी सांगितलेलं एक काम राहिलंच. त्याला आता सहा आठवडे झाले.

पप्पा मूळचे जालन्याकडचे. सचिन नावाच्या गावातल्या एका कारखान्यात कापड विणायचे लूम दुरुस्त करायचे. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत रोज दिवेलागणीला चटई पसरली जायची. पवित्र शास्त्र वाचायचं, गायचं, प्रार्थना करायची. पण त्याआधी घराचा एक नेम होता. दिवसभरात घरातल्या कुणाला दुखावलं असेल, तर आधी त्याची माफी मागायची, मगच देवासमोर हात जोडायचे. आणि सुरुवात मोठ्यांनी करायची. पप्पा म्हणायचे, "सकाळी डब्यावरून उगाच बोललो, माफ कर." आई म्हणायची, "आज एकच? सुधारताय म्हणायचं." आम्ही खिदळायचो. मग तीच आई आमच्याकडे वळून, धपाटा जोरात बसला म्हणून आमची माफी मागायची. आईबाप लेकरांपुढे नमतात, हे मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. आमच्यात श्रद्धा रुजली असेल तर त्या दोन-चार मिनिटांत.

मी तेरा वर्षांचा असताना खाटेवर उडी मारली ती पप्पांच्या वाचायच्या चष्म्यावर. काचा फुटल्या, काडी तुटली. मी तो तसाच उशीखाली सरकवला. थोड्या वेळापूर्वी आठ वर्षांची रूथ तो घालून टीचर-टीचर खेळत होती, त्यामुळे आळ तिच्यावर आला. पाळीवरून दमून आलेले पप्पा तिला फार बोलले. "मी नीट ठेवला होता..." ती रडत सांगत राहिली. मी वहीत डोकं खुपसून बसलो.

संध्याकाळी पप्पांनी त्या एवढ्याशा पोरीसमोर हात जोडले. "चष्म्यापेक्षा तू मोठी. मी ओरडलो, माफ कर बाळा." मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी म्हटलं, "माझं आज काही नाही."

त्या दिवशी बिनचष्म्याने, ओळींवरून बोट फिरवत त्यांनी अख्खा अध्याय वाचला. मी शेजारीच होतो. उघडलेलं पान भलतंच होतं! सगळं त्यांना पाठ होतं... पुस्तक ते रोज उघडत होते ते आम्हाला सवय लागावी म्हणून. तो माणूस मला इतका मोठा दिसला, की त्याच्यापुढे तोंड उघडायचा धीरच गेला. पुढे चष्म्याला नव्या काचा आल्या. तुटकी काडी मात्र त्यांनी लूमच्या पांढऱ्या धाग्याने गुंडाळली आणि बरीच वर्षं तशीच वापरली.

शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, नेम त्यांनीच चालवला. "तुझी माफी मागायची राहिलीय. चष्म्याचं मला तेव्हाच कळलं होतं. आपण होऊन सांगशील म्हणून वाट बघत राहिलो... विचारायला हवं होतं. एवढी वर्षं तुला एकट्याला ते वागवू दिलं. रूथला मात्र तूच सांग." आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, काय म्हणालो? "पप्पा, पडा आता. बोलू नका."

गेल्या रविवारी भेस्तानला चटई पसरली. आई, रूथ, माझी मुलगी. मी म्हटलं, "रूथ, पप्पांचा चष्मा मी फोडला होता."

ती म्हणाली, "मला तर वाटायला लागलं होतं दादा, माझ्याच हातून फुटला असेल. मीच खोटं बोलले असेन..." तिने डोळे पुसले. "माफ केलं असं आज म्हणवत नाही रे. पुढच्या रविवारी परत विचार. आता वाच."

शास्त्र उघडलं तर आत तोच चष्मा, काडीवरचा धागा पिवळा पडलेला. रूथने तो उचलून माझ्यापुढे धरला. मला एक ओळसुद्धा पाठ नव्हती. चष्मा घातला, धागा कानामागे टोचत होता. माझ्या मुलीने योग्य पान काढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.