म्हात्रेकाकांचा दहावा आणि माझा रिव्हर्स हॉर्न

हसायचं असेल तर हसा, मनाई नाही. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे एकाला हा प्रकार सांगत होतो, तर त्याला मधेच ठसका लागला आणि शर्ट बदलायला घरी जावं लागलं. आणि शेवटी मला "अरेरे" म्हणू नका. अरेरे मी स्वतःलाच इतक्या वेळा म्हटलंय की त्यात आता काही राम उरलेला नाही.

तर एका मेलेल्या माणसाच्या दहाव्याला मी काय घोळ घातला, ते ऐका.

मोबाईलवर इनकमिंग नुकतं फुकट झालं होतं, ते दिवस. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला राहायला आलो त्याला सहा-सात वर्षं झाली होती. मी, कर्णिक, ऑफिसात हेडक्लार्क. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. सेकंड हँड, पांढरी. पुढे न्यायला यायची हो मला. पण मागे? राम राम!

आणि आमच्या सोसायटीत नियम काय, तर गाडी रिव्हर्सनेच लावायची. पाठ भिंतीला, तोंड गेटकडे. हा नियम म्हात्रेकाकांचा. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी राहिलेली. पूर्वी यांची भातशेती, मिठागर. आता तळमजल्यावर घर आणि गेटपाशी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची. संध्याकाळी काका त्या खुर्चीत बसायचे आणि येणारी प्रत्येक गाडी जातीने लावून घ्यायचे.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. कुणी गाडी मागे घ्यायला लागला की रस्त्यावरचा कुणीही माणूस हातातलं काम टाकतो आणि मागे जाऊन उभा राहतो. त्याला गाडी चालवता येते का? अजिबात नाही! काकांनीही जन्मात स्टिअरिंग धरलं नव्हतं. पण आवाज असा की पाचव्या मजल्यावर ऐकू जावा.

"येवं दे... येवं दे... भितंस कशाला, भिंत काय पळून जाते? अजून हाय जागा... येवं दे... थांब!"

आणि डिकीवर दोन थापा. थापा पडल्या की गाडी लागली. एक ओरखडा नाही कधी.

"तोंड नेहमी रस्त्याकडं पायजे, कर्णिक," ते म्हणायचे. "येताना कष्ट घेतले की जाताना सुटका."

पण मला लाज वाटायची ना! सगळ्या बाल्कन्यांत बायका येऊन उभ्या. बेचाळीस वर्षांचा हेडक्लार्क घामाघूम होऊन गाडी मागे घेतोय आणि खालून म्हातारा ओरडतोय, "डावीकडं, डावीकडं! जेवतंस तो न्हाय, दुसरा हात!" बायको म्हणायची, "अहो, काका आहेत म्हणून गाडी शाबूत आहे." ते मला आणखीनच झोंबायचं.

अशात मीरा रोडला एका दुकानदाराने मला गाठलं. "साहब, रिव्हर्स हॉर्न लगवा लो. पीछे का टेन्शन ही खतम."

मागचं टेन्शन खतम! आता मला सांगा, यावरून तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं, हे यंत्र मागचं बघतं. म्हणजे जागा असेल तोवर वाजणार आणि भिंत आली की गप्प होणार. विचारायचं तरी! पण हेडक्लार्क कुणाला काही विचारत नाही, हा आमच्या जातीचा दोष.

त्या संध्याकाळी काका सवयीने खुर्चीतून उठले. मी काच खाली केली आणि सगळ्या बाल्कन्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बसा, काका. आता तुमची गरज नाही. मशीन बसवलंय."

काका बसले. मी रिव्हर्स टाकला. टिंग टिंग टी-डिंग, टिंग टिंग टी-डिंग! वरातीत बँडवाले वाजवतात तसली नाचरी चाल. वाजतेय म्हणजे जागा आहे. मी आलो मागे. वाजतेय. अजून आलो. अजून वाजतेय!

धाड!

मागचा दिवा फुटून खाली, बंपर भिंतीत, आणि मशीन आपलं आनंदात टिंग टिंग टी-डिंग करतंय. बाल्कनीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आता माझं चुकलं होतं तर गप्प बसावं की नाही? मी उतरलो आणि कुणावर ओरडलो? काकांवर! "नुसते बघत काय बसलात? सांगायचं ना!"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तूच बोललास ना, गरज न्हाय."

खुर्ची उचलली आणि आत गेले. त्यानंतर ती खुर्ची बाहेर आली नाही.

मी माफी मागणार होतो. खरंच मागणार होतो! आज बोलू, उद्या बोलू, रविवारी निवांत बोलू. मशीनही काढून टाकणार होतो, पण काढलं तर हरलो असं झालं असतं ना? त्याला बंद करायचं बटणसुद्धा नव्हतं, रिव्हर्सच्या दिव्याच्याच वायरीला जोडलेलं. तोंड भिंतीकडे करून लावली तरी गेटबाहेर काढताना रिव्हर्स लागतोच, त्यामुळे रोज सकाळी ते वाजायचं. आणि तळमजल्यावर, खिडकीच्या आत, काका ते ऐकत असणार. असे दोन महिने गेले. मग एका पहाटे त्यांचा मुलगा रवी दारात उभा. "कर्णिककाका, बाबा गेले." हार्ट अटॅक. झोपेतच.

माझं काय झालं असेल, विचारू नका.

दहाव्याच्या आदल्या दिवशी रवी म्हणाला, "आईला तलावावर यायचंच आहे. आमच्यात बायका येत नाहीत, पण ती ऐकेना. गुडघ्यांमुळे चालवत नाही तिला. तुमच्या गाडीतून आणाल का?"

आणाल का! अरे, मला तर देव पावल्यासारखं झालं. काकांसाठी एवढं तरी करता येईल. सकाळी आठला मी, बायको आणि काकू निघालो. काकू वाटभर एकच बोलत होत्या. "कावळा शिवला पायजे हो, कर्णिकभाऊ. दोन महिने माणूस घरातनं भाईर पडला न्हाय. काय सलत व्हतं मनात, बोललाच न्हाय. कावळा शिवला तर मी समजंन सुटला. न्हाय शिवला तर मी घास न्हाय खाणार."

मी आरशात बघायचं टाळलं.

गावातल्या तलावाच्या काठावर चाळीसेक माणसं. गुरुजींचे विधी उरकलेले. केळीच्या पानावर पिंड ठेवलेले, सगळे मागे सरून हात जोडून उभे. वर पिंपळावर कावळे. बायकोने काकूंना हाताला धरून पुढे नेलं. तेवढ्यात एक कावळा उतरलासुद्धा! कठड्यावर बसला, मान वाकडी केली, एक उडी पुढे आला. सगळ्यांचे श्वास अडकलेले.

आणि मी काय केलं? मी गाडी लावली. काकांचा शब्द आठवला हो, तोंड नेहमी रस्त्याकडं पायजे! म्हटलं, निदान आज तरी त्यांच्या पद्धतीने लावू. दोन महिन्यांत त्या आवाजाला माझे कान इतके सरावले होते की तो वाजतो हेच मी विसरून गेलो होतो.

टिंग टिंग टी-डिंग! टिंग टिंग टी-डिंग!

अख्ख्या तलावावर वरात घुमली. कठड्यावरचा कावळा गेला, पिंपळावरचे गेले, पलीकडच्या बगळ्यांचासुद्धा थवा उठला. चाळीस माना माझ्याकडे वळल्या. आणि काकू... काकूंनी तोंडाला पदर लावला.

मग सुरू झालं वाट बघणं. अर्ध्या तासाने कावळे पिंपळावर आले, पण खाली उतरेनात. रवी पुढे झाला. "बाबा, आईला सांभाळीन." कावळे ढिम्म. "बाबा, उरलेली जमीन विकणार नाही." एकाने पंख साफ केले, बस. काकू म्हणाल्या, "रवीच्या पोरीला शिकवू, तुम्ही बोलला व्हता तसं." काही नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं. गुरुजींना पश्चिमेला दुसरं कार्य होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू. शास्त्रात सोय आहे."

"न्हाय," काकू म्हणाल्या. "गवताचा कावळा नको. खऱ्याच कावळ्यानं शिवलं पायजे. मी बसते हितं संध्याकाळपर्यंत." आणि खरंच त्या ओल्या फरशीवर बसल्या.

मला राहवेना. सगळा गाव कसल्या कसल्या इच्छा शोधतोय, आणि काय सलत होतं ते एकट्या मला ठाऊक! मी गर्दीतून पुढे झालो, पिंडासमोर हात जोडले आणि गहिवरून म्हणालो, "काका, चुकलो. त्या दिवशी तुम्हाला नको ते बोललो. आजच्या आज ते मशीन काढून टाकतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. तोवर आमचं भांडण बाल्कन्यांपलीकडे गेलं नव्हतं; त्या संध्याकाळी काकू आणि रवी घरी नव्हते, आणि नंतरही त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं!

"कसलं मशीन?" काकूंनी विचारलं.

आता काय करता? सगळ्यांसमोर सांगावं लागलं. खुर्ची, भिंत, धाड, सगळं. "गरज नाही" म्हणालो तेसुद्धा. काकू खाली बसल्या बसल्या माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणून आत बसून राहिले व्हते?" त्या म्हणाल्या. "मी आपली रोज भांडत व्हते त्यांच्याशी. उठा, भाईर बसा, आळशी झालात म्हणून. शेवटच्या दिवशीपण भांडले हो मी."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मेलेल्या माणसाला तर दुखवलं होतंच, आता जिवंत माणसालाही जन्माची टोचणी लावून मोकळा झालो.

कावळे अजून वरच. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ती पांढरी गाडी चमकते उन्हात. तिला भितात ते. हलवा आधी." काहीतरी करायला मिळालं म्हणून मी धावलो. गाडीत बसलो. बघतो तर पुढे कुणाचा तरी टेम्पो येऊन उभा. नेमके त्याच वेळी दोन कावळे खाली उतरले. एक कठड्यावर, एक पानापासून हातभर लांब. आणि माझा हात, मेला, सवयीने रिव्हर्सवर गेला.

टिंग टिंग टी-डिंग!

मशीन काढतो असं काकांना कबूल करून दहा मिनिटंही झाली नव्हती! मी घाबरून न्यूट्रल शोधतोय आणि ते सापडत नाही. गियर अडकलेला, टिंग टिंग चालू, बाहेरून चाळीस माणसं ओरडतायत, "बंद कर, अरे बंद कर ते!" शेवटी चावी फिरवली तेव्हा शांतता झाली. पिंपळावर आता पानांशिवाय काही नव्हतं.

रवी खिडकीशी आला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बरं झालं असतं. पण पोरगा बापावर गेलेला. डोळे लाल, आवाज शांत. "कर्णिककाका, टेम्पो काढायला सांगतो. तुम्ही सरळ पुढे जा. आणि पुढेच जा. आईला मी आणतो."

गेलो. बायकोला तिथेच ठेवून गेलो. देवळाच्या वळणावरून नाक्यावर आलो, बाजूला थांबलो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. काकांसाठी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. दहा दिवस नुसती लाजच वाटत होती, रडू आलं नव्हतं. मला तो माणूस आवडायचा हो. एवढंच सांगायचं होतं त्यांना, आणि तेवढं सोडून बाकी सगळं बोललो मी.

तेवढ्यात मोबाईल वाजला. बायको. "अहो, शिवला! शिवला कावळा! काकू उठल्या, पाणी प्यायल्या."

माझा बांधच फुटला. "म्हणजे काकांनी मला माफ केलं गं!"

"माफ म्हणजे..." बायको म्हणाली, "तुमची गाडी देवळाआड गेली ना, तेव्हाच उतरला. आणि एक नाही, सहा-सात उतरले. काकू म्हणाल्या, एवढंच हवं व्हतं वाटतं त्यांना."

"काय हवं होतं?"

"योगायोग हो," ती घाईघाईने म्हणाली. "कावळा बसायला आणि फांदी..." आणि मधेच थांबली.

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं गंगेला मिळालं. नाही हो मिळालं! काकूंनी मला माफ केलं, तेराव्याला हाताने वाढलं. पण गाव विसरलं नाही. नवघरात आजही कुणाचं कार्य असलं की आदल्या दिवशी घरचं माणूस मुद्दाम माझ्या दारी येतं, हात जोडतं आणि अगदी प्रेमाने म्हणतं, "कर्णिकसाहेब, तेराव्याला जेवायला सगळ्यांनी यायचं. दहाव्याला मात्र तुम्ही कृपा करून घरीच थांबा."