डाव्या बाजूचं घर

डॉक्टरांनी यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. यांनी गोल झकास काढला. मग आकडे लिहायला घेतले. बारा, एक, दोन करत सहापर्यंत आले आणि पुढचे सात, आठ, नऊसुद्धा त्याच उजव्या बाजूला दाटीवाटीनं कोंबले. डावा अर्धा गोल कोराच राहिला.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं की," हे म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

मी यांची बायको, सुनंदा. मिरजगावला अंगणवाडी सेविका आहे. हे शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीतच यांचं टेलरिंगचं दुकान आहे. नगरच्या हॉस्पिटलात तो आमचा सहावा दिवस होता. तोवर मला वाटत होतं, जिवावरचं टळलं, आता घरी जायचं. त्या कागदाकडे बघताना कळलं, एवढ्यावर संपलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, याला लेफ्ट नेग्लेक्ट म्हणतात. डोळे चांगले आहेत. हातात ताकदही परत येते आहे. पण मेंदूचा जो भाग डावीकडे लक्ष देतो, त्यालाच मार बसलाय. "डावी बाजू दिसत नाही, असं त्यांना वाटत नाही. ती बाजू असते, हेच मेंदू विसरलाय. म्हणून ते तक्रारही करणार नाहीत. लक्ष तुम्हालाच ठेवावं लागेल."

सुरुवात झाली त्या दिवसाचं सांगते, कारण त्यात आमची चूक झाली आणि ती दुसऱ्या कुणाची होऊ नये.

मी दुपारी एकच्या सुमारास अंगणवाडीतून घरी आले. हे मशीनवर बसले होते आणि पाय चालू होते. जवळ गेले तर डाव्या हाताचं बोट सुईखाली. नखातून सुई आरपार गेलेली, पांढऱ्या कापडावर रक्त, आणि हे शांतपणे पायडल मारत होते. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "काय झालं?" जीभ जड होती. मला वाटलं, रक्त बघून चक्कर आली. मी बोट सोडवलं, हळद लावली, साखरपाणी पाजलं, पंख्याखाली निजवलं. त्यात पाऊण तास गेला. मग बोट बांधून घ्यायला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाकडे पाहिलंच नाही. तोंडाकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू उतरली होती. ते म्हणाले, "बोट राहू द्या. हा स्ट्रोक आहे, मेंदूची रक्तवाहिनी बंद झालीय. आत्ताच्या आत्ता नगरला निघा."

नगरला सीटी स्कॅन झाला. रक्ताची गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. डॉक्टरांनी विचारलं, यांना शेवटचं धड कुणी आणि किती वाजता पाहिलं? मी सकाळी नऊला घर सोडलं होतं. तेव्हापासून धरलं तर वेळ निघून गेली होती. मी दुकानासमोरच्या चहावाल्या अन्वरभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, साडेबाराला म्या सोता चहा दिला त्यास्नी. दोन्ही हातानं कप-बशी धरली हुती, नीट बोलत हुते." मी फोन डॉक्टरांच्या कानाला लावला. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. या इंजेक्शननं कधी कधी मेंदूत रक्तस्राव होतो, हे सांगून त्यांनी सही मागितली. मी सही केली.

इंजेक्शन लागू पडलं. चौथ्या दिवशी हे आधारानं उभे राहिले. पण त्याच दिवसांत विचित्र गोष्टी दिसू लागल्या. ताटातली उजवीकडची भाजी-भाकरी संपवायची, डावीकडचा भात तसाच, आणि वर म्हणायचं, आज भात का नाही दिला? दाढी केली तर अर्ध्याच चेहऱ्याची. एका सकाळी नर्सला म्हणाले, "सिस्टर, माझ्या गादीवर कुनाचा तरी हात पडलाय. जरा बाजूला करा." तो यांचाच हात होता. नर्स सवयीनं हसून गेली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी सोडताना फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला बाजूला बसवलं आणि आमच्या खोलीचा नकाशा काढायला लावला. पलंग कुठे, दार कुठे, खिडकी कुठे, टीव्ही कुठे. पलंगाची डावी बाजू भिंतीला होती. दार, खिडकी, माणसं, पाण्याचा तांब्या सगळं उजवीकडे.

मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना आठवड्यातून दोनदा शिकवीन. बाकी सगळा वेळ तुमचं घर शिकवणार आहे. आणि तुमचं घर त्यांना डावी बाजू विसरायलाच शिकवेल. ते उलटं करा."

मी पलंग फिरवला. आता भिंत उजवीकडे आली आणि सगळं जग डावीकडे. टीव्ही हलवला. दुकानातली लाल फीत होती, ती ताटाच्या डाव्या कडेला चिकटवली, दाराच्या डाव्या चौकटीला लावली, सदऱ्याच्या डाव्या बाहीला शिवली. जेवताना, चालताना एकच नियम केला : आधी लाल शोधायचं, मग पुढे. तांब्या डावीकडे ठेवायचा, पण जवळ कुणीतरी असलंच पाहिजे, आणि हातात उचलून द्यायचा नाही. "डावीकडं बघा," एवढंच म्हणायचं.

हे लिहायला सोपं आहे. यांना तहान लागायची, वीतभर अंतरावर तांब्या असायचा आणि हे उजवीकडच्या भिंतीकडे बघून पाणी मागत राहायचे. मी डावीकडे बसून म्हणायची, "अहो, इकडं. अजून इकडं." कधी पाच मिनिटं जायची, कधी दहा. कधी हे चिडून रडायचे. एकदा मी शेजारी बसलेली असताना यांनी विचारलं, "सुनंदा कुठं गेली? मला टाकून गेली का काय?" माझा हात यांच्या डाव्या दंडावर होता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत कर्जतहून आक्का आल्या. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांना आक्कांनीच वाढवलं. त्यांनी दारातून यांचं पाणी मागणं ऐकलं, आत आल्या, तांब्या उचलला आणि पलंगावर चढून भिंतीच्या बाजूनं भावाच्या तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळल्या.

"माझ्या भावाला कोंडून तहानेनं मारतीस व्हय गं?"

मी समजावलं, मॅडमचं नाव सांगितलं, कागद दाखवला. आक्का म्हणाल्या, त्यांना कागदातलं कळत न्हाई, पण तहानलेलं माणूस कळतं. त्या म्हणत होत्या तेच मीही रोज मनात म्हणत होते.

माझी रजा संपली होती. तिसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून परत आले तर पलंग पुन्हा जुन्या जागी होता. लाल फीत उपटून कचऱ्यात. हे खुशीत होते. आक्का उजवीकडे बसून घास भरवत होत्या. भांडायची ताकद माझ्यात नव्हती. वाटलं, राहू दे, तो माणूस हसतोय तरी. मी तो पलंग तसाच ठेवला. ही माझी दुसरी चूक.

आठ-दहा दिवसांत यांची मान उजवीकडेच वळून राहू लागली. एका सकाळी आक्का उजव्या बाजूनं हात धरून यांना ओट्यावर ऊन खायला नेत होत्या. डावा खांदा चौकटीवर आपटला, तोल गेला आणि हे पायरीवर पडले. कपाळ फुटलं. यांना ब्लड थिनर चालू होतं, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. डोक्याला मार लागला तर आत रक्त साचू शकतं, हे मला सांगून ठेवलं होतं. रक्त थांबेना. गाडीत आक्कांनी यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नगर येईपर्यंत मी यांना दर थोड्या वेळानं नाव विचारत होते आणि उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा विचारत होते.

स्कॅनचा रिपोर्ट यायला दीड तास लागला. आत रक्त नव्हतं. बाहेरून टाके घातले.

त्यानंतर मॅडम खाली आल्या. त्यांनी आक्कांना काही ऐकवलं नाही. एक कागद आणला, त्यावर सगळीकडे बारक्या रेघा होत्या. यांना सांगितलं, प्रत्येक रेघेवर फुली मारा. आणि आक्कांना सांगितलं, तुम्ही फक्त बघा. यांनी उजवीकडच्या रेघांवर एकेक करून नेटानं फुल्या मारल्या आणि पेन्सिल ठेवली.

"ह्ये अर्धं राह्यलं की रे, दत्तू," आक्का म्हणाल्या.

"कुठं?" यांनी विचारलं. कागद यांच्या हातात होता.

आक्का उठल्या, यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "म्या हितं हाय. हिकडं बघ. बघस्तवर म्या हलणार न्हाई."

घरी आल्यावर पलंग आम्ही दोघींनी मिळून फिरवला. आक्का राहिल्या. मी कामावर असताना डावीकडच्या खुर्चीवर त्या बसायच्या आणि माझ्यापेक्षा कडक वागायच्या. आल्यागेल्यांना दारातच सांगायच्या, भेटायचं असंल तर त्या बाजूनं जा. घर जेव्हा दोन बाजूंनी ओढलं जात होतं तेव्हा यांची मान जागची हलली नव्हती. सगळे एकाच बाजूनं बोलवू लागलो आणि तीन आठवड्यांत यांनी ताटातला भात स्वतः शोधला.

दुकानात परत बसायचं, हे यांनी पहिल्या दिवसापासून धरलं होतं. मॅडमनी आधी सुई काढायला लावली. नुसतं पायडल, मग कागद सरकवणं, मग बोथट सुई, मग अभ्रे. मशीनही आम्ही फिरवलं, उजवी बाजू भिंतीकडे आणि रस्ता डावीकडे. ये-जा करणारे, अन्वरभाई, सगळे त्या बाजूनं हाक मारतात. मशीनच्या पाट्यावर डावीकडे लाल रेघ आहे. डावा हात रेघेवर दिसल्याशिवाय पाय हलवायचा नाही. पहिल्या दिवशी यांनी सुई लावली तेव्हा मी शेजारी उभी होते आणि माझं स्वतःचं बोट मी मुठीत दाबून धरलं होतं.

हे पूर्ण बरे झालेले नाहीत. स्कूटर बंद आहे. दमले की डावी बाजू पुन्हा निसटते. पण ज्यांच्या घरी असं आजारपण येईल त्यांना मला सांगायचंय. आपण माणसाला सारखं म्हणतो, मन खंबीर कर, प्रयत्न कर. यांचं मन खंबीरच होतं. मनाला दिशा द्यायचं काम पलंगानं, खुर्चीनं आणि एका लाल फितीनं केलं. आणि तोंडाकडे बघणाऱ्या त्या गावातल्या डॉक्टरांचे, अन्वरभाईंचे, मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या महिन्यात आक्का कर्जतला परत निघाल्या. जाण्याआधी त्यांनी ब्लाउजपीस आणला आणि यांना म्हणाल्या, माप घे. मॅडमनी यांना दोन्ही बाह्या मोजायची सवय लावलीय. आक्का यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा डावा हात यांच्या उजवीकडे होता, तो यांनी लगेच मोजला, वहीत लिहिला. मग टेप गळ्यात टाकून हे उभेच राहिले. आक्कांनी दुसरा हात बाजूला धरून ठेवला होता. मी यांच्या डावीकडे, दारात होते. जिभेवर 'डावीकडं' आलं होतं, मी ओठ आवळले. आक्कांचा हात थरथरायला लागला, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

यांनी वहीकडे पाहिलं. मान हळूहळू डावीकडे वळत गेली, दारापर्यंत, माझ्यापर्यंत, आणि तिथून परत येताना त्या हातावर थांबली.

"खाली घे की गं आक्का जरा," हे टेप काढत म्हणाले, "अवघडला असंल."