कानाच्या मशीनची दसरापूजा

माझ्या मुलीचं कानाचं मशीन मी बिघडवलं नाही. मी फक्त त्याची पूजा केली.

रेखा तेव्हा चौथीत होती. लहानपणच्या एका तापानंतर तिला अगदी जवळून, मोठ्याने बोललेलंच थोडंफार ऐकू यायचं. वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसायची, आणि गप्प बसणाऱ्या पोराला आमच्या पाचोऱ्यात हुशार समजतात. त्यामुळे ती चौथीपर्यंत बिनबोभाट आली. चौथीत मात्र हेडमास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, मुलीला धुळ्याच्या निवासी शाळेत घाला, तिथे अशाच मुलांना शिकवतात. मी घरी येऊन हे माझ्या बायकोला, कुसुमला सांगितलं. रेखा अजून आईचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. ती एकटी धुळ्याला कशी झोपणार, या विचाराने आम्हा दोघांनाही घास गिळवेना.

मग जळगावहून चौधरीबाई आल्या. अशा मुलांना साध्या शाळेतच कसं शिकवायचं, हे बघणं त्यांचं काम. त्या म्हणाल्या, प्रत्येक मुलाचा आराखडा वेगळा करावा लागतो. रेखाच्या आराखड्यात पहिला बाक होता, बोलणाऱ्याने तिच्याकडे तोंड करून बोलायचं होतं, आणि कानाला मशीन होतं. मशीन म्हणजे गळ्यात अडकवायची एक डबी. तिच्यावर बारीक जाळी, त्या जाळीतून आवाज आत जाणार आणि वायरीतून कानात पोचणार. बाईंनी ते एका शिबिरातून मिळवूनही दिलं. हेडमास्तरांनी एक संधी दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला मशीन लावून आणा, मी प्रश्न विचारतो. उत्तरं आली तर इथे, नाहीतर धुळे.

दसऱ्याला गावाहून आबा आले, म्हणजे माझे वडील. दारात माझी सायकल, कुसुमचं शिलाई मशीन, विळी, हातोडी असं सगळं धुऊनपुसून मांडलं होतं. आबांची नजर रेखाच्या गळ्याकडे गेली.

"नवी मशीन शे," ते म्हणाले. "पूजा करा बिगर कानले लावानी नहीं."

कुसुमने नको म्हणून डोळ्यांनी खुणावलं. पण उद्याच्या काळजीने माझं काळीज असं लकलकत होतं, की देवाची थोडी मदत झाली तर बरंच, असं मला वाटलं. मी डबी पाटावर ठेवली. सायकलच्या घंटीला कुंकू लावलं, शिलाई मशीनला लावलं, आणि तेच ओलं बोट भक्तिभावाने डबीच्या जाळीवर टेकवलं. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती! पण नारळ फोडला होता, पाणी वाटीत निघालं होतं, आणि पूजा अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. मी सगळ्यांवर पाणी शिंपडलं. डबी नवी, म्हणून तिच्यावर जरा जास्तच.

मशीन रेखाच्या कानाला लावलं, तर तिने मान हलवली. काही नाही. वायरीचं टोक माझ्या कानाला लावलं तेव्हा आतून पापड तळल्यासारखा आवाज आला आणि तोही बंद झाला.

मी डबी गच्चीवर उन्हात ठेवली. नारळाचं पाणी गोड असतं, हे मुंग्यांना माझ्याआधी आठवलं. थोड्या वेळाने बघतो तर जाळीतून त्यांची रांग आत चाललेली! त्यांना बाहेर काढायला मी सायकलचा पंप लावला. मुंग्या जागच्या हलल्या नाहीत, कुंकू मात्र पार आत गेलं. (पंपाचीही सकाळी पूजा केली होती. त्याने मन लावून काम केलं.) आबा शेजारी उभे राहून "व्हई जाई बठ्ठं" म्हणत सगळं नीट होईल असा धीर देत होते, आणि मला रडू येत होतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सुकाभाऊंकडे धावलो. त्यांचं दुकान उघडं होतं, हत्यारं समोर होती, आणि त्यांच्यावर झेंडूची फुलं होती.

"आज पूजेतल्या हत्याराला हात लावत नाही, भाऊ," ते म्हणाले. "उद्या अकराला या."

शाळा साडेदहाची होती.

कुसुमचं म्हणणं, हेडमास्तरांना खरं ते सांगून टाकावं. मी म्हटलं, छे. पोरगी आईच्या ओठांकडे बघून सगळं ओळखते. बंद डबी गळ्यात असू दे, मी हेडमास्तरांच्या पाठीमागे उभा राहतो आणि प्रश्न ओठांनी तिला सांगतो. माझी ही युक्ती मला इतकी आवडली, की शाळेत जाईपर्यंत मी वाटभर ओठ हलवायचा सराव केला.

चौधरीबाई आणि कुसुम रेखाशेजारी उभ्या होत्या. हेडमास्तरांनी पहिला प्रश्न विचारला. मी त्यांच्या मागून तो जबडा फाकून म्हटला. रेखा माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी आणखी जोर लावला. तिचे डोळे भरून आले. आता धुळे, असं मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात चौधरीबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड हेडमास्तरांकडे वळवलं. सरांनी प्रश्न पुन्हा विचारला आणि रेखाने उत्तर दिलं. मग पुढचंही दिलं. पाढेसुद्धा म्हटले. हेडमास्तर खूश होऊन म्हणाले, बघू तरी या मशीनमध्ये असतं काय. त्यांनी डबी उचलली आणि तिच्यातून एक मुंगी निवांत त्यांच्या मनगटावर चढली.

सगळं सांगावं लागलं. मग बाई म्हणाल्या, "सर, मशीन दुरुस्त होईल. समोरून बोललं तर ही त्याच्याशिवायही शिकते, हे तुम्हीच आत्ता बघितलंत."

हेडमास्तर म्हणाले, "बसू दे पहिल्या बाकावर." कुसुमने तिथेच पदर डोळ्यांना लावला.

बाईंनी मग रेखाला समोर उभं करून विचारलं, बाबा सांगत होते ते का नाही कळलं?

"बाबांचं तोंड दिसतच नाही," रेखा म्हणाली. "मिशाच दिसतात."

बाईंनी आराखड्यात एक कलम वाढवलं: बाबांनी मिशी काढावी. शाळेतून मी थेट न्हाव्याकडे गेलो. आमच्या घराण्यात बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. घरी पोचलो तेव्हा बाप ओट्यावर बिडी ओढत बसला होता. मला बघताच त्याच्या तोंडातली बिडी खाली पडली.

"आरे, मी आजून जित्ता शे ना!"

त्या संध्याकाळी दोन शेजारी जड चेहऱ्याने भेटायला आले. दार आबांनीच उघडलं.

पण जेवणं झाल्यावर रेखा माझ्यासमोर येऊन बसली, माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "बाबा, बोला ना." आजवर आपण तिच्याशी बोललो ते सगळं मिशीतच राहिलं होतं. आता काहीतरी मोलाचं बोलायला हवं होतं. मी खूप विचार केला आणि एकेक शब्द नीट उच्चारत विचारलं, "जेवलीस का?"

"कधीच," ती म्हणाली. "तुमच्याच शेजारी तर बसले होते."