उतारावरचं न्यूट्रल

मंडळी, भोरमध्ये सगळ्यांपेक्षा माझीच गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते, हा माझा तोरा आज सकाळी उतरला.

तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना घेऊन आंबवड्याकडं घाट उतरत होतो. पेट्रोल वाचवायला नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली. वळणावर समोर टेम्पो आला. दाबून दाबून ब्रेक तापलेले, गाडी जेमतेम थांबली.

तात्यांनी जन्मभर दुधाचा टेम्पो चालवलाय. ते म्हणाले, "आधी गिअर टाक. उतारावर गिअरमधी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला, की आताचं इंजिन पेट्रोल घेतच न्हाई. न्यूट्रलला मातूर घेत ऱ्हातं. मेस्त्रीनं सांगितलंय मला. तुला हे कुणी शिकवलं?"

"तुमीच. टेम्पोत शेजारी बसवून."

तात्या म्हणाले, "व्हय. तवाच्या गाड्या येगळ्या हुत्या. पर उतारावर गाडी मोकळी सोडणं तवाबी चूकच हुतं."

पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये निवांत उतरलो. आता हीच सवय कायमची.

तुम्हाला उतारावर न्यूट्रल कुणी शिकवलं? आजच त्यांना फोन करा. ते अजून तसेच उतरत असतील.