जवसाचे तेल आणि पाळण्याच्या दांड्या

बायको पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेली, तेव्हा मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगून टाकले की पाळणा मीच करणार. अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या ओसरीवर मी जुन्या मोटरीवर चालणारा, लाकूड कातायचा लेथ जुळवला होता. हौस दांडगी, अनुभव बेताचा. सासरे पडले वकील, पुराव्याशिवाय काही न मानणारे. म्हणाले, "बारशाले पाळना दिसला नाही, तर मी सुताराकडून आनीन."

मुलगी झाल्याची तार आली आणि त्याच दिवशी लेथने मान टाकली. पटाशी लाकडाला टेकली की मोटर घुं करी, तापे आणि थांबे. मी पट्टा घट्ट केला, सैल केला, पटाशीला धार लावली, विजेच्या दाबाला दोष दिला. दर वेळी लेथच्या बेअरिंगांत आणखी तेल सोडले. पाच मिनिटे बरे चाले, पुन्हा तेच. बारा दांड्यांपैकी तीनच झाल्या होत्या. दोष मोटरीचाच असे ठरवून मी ती सोडवली, पिशवीत घातली आणि रविवारी अकोला गाठले.

सासऱ्यांनी दारातच ती जड पिशवी कौतुकाने हातात घेतली, आत डोकावले आणि विचारले, "पोरीले याच्यात झोपवता का, जावईबापू?" बाळंतिणीच्या खोलीतून बायकोचे हसू ऐकू आले. माझा चेहरा पडला.

त्यांनीच मला जुन्या शहरात मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे नेले. चाचांनी मोटर टेबलावर चालवून पाहिली. "मोटर तर नव्यावानी हाय, मास्तर." मग पुलीवरचा पिवळा चिकट थर नखाने खरवडून हुंगला. "माशिनीले तेल कोनतं देऊन राहिले?"

"जवसाचं. घाण्यावरचं, एकदम शुद्ध."

"रंगारी दरवाज्याले हेच लावते, सुकून कडक होते म्हून. तुमी माशिनीले वारनीस पाजून राहिले."

वाळणारी तेले आणि न वाळणारी तेले हा धडा मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. सासऱ्यांना ते ठाऊक होते. त्यांनी मोटर पुन्हा पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात दिली, आणि ते मला जास्त लागले.

घरी येऊन बेअरिंगे रॉकेलने धुतली, शिलाई मशीनचे तेल सोडले. मघापर्यंत हाताने ढकलावा लागणारा आस एका बोटाने गरगर फिरला, तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. शाळा सुटली की मी आणि लेथ.

बारशाच्या सकाळी पाळणा अकोल्याच्या माजघरात टांगला. सासऱ्यांनी एकेक दांडी ओढून पाहिली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून भरल्या घरासमोर पाळण्याची कड धरून पाय उचलले आणि चक्क लोंबकळले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझा जीव मात्र वरच्या कड्यांत अडकला होता.

पाळणा कुरकुरलासुद्धा नाही. सासरे खाली उतरले, धोतर सावरले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "टाक आता माह्या नातीले."

माझे डोळे भरून आले, आणि मी ते कुणापासून लपवले नाहीत.