चर्चच्या दारातले बूट

त्या गावात दर गुरुवारी बाजार भरतो. चौकात एक दगडी पाणपोई आहे, आता कोरडी. तिच्या डाव्या हाताला धान्यबाजाराची जुनी इमारत, तिच्यात लहानसं संग्रहालय. पुढे उतार, उताराखाली कालवा, कालव्यात लांबट रंगीत होड्या. काठावरच्या गिरणीचं चाक रविवारी फिरवून दाखवतात. गावाबाहेर दोन मैलांवर एका जमीनदाराची हवेली आणि चारी बाजूंनी भिंत घातलेली बाग. हे सगळं मला अजून पाठ आहे. ते गाव इंग्लंडमध्ये आहे. मी हैदराबाद सोडून नांदेडकडच्या आमच्या खेड्यापलीकडे कुठे गेलेली नाही.

नारायणगुड्याच्या एका कॉलेजात मी पर्यटन शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. दुसऱ्या वर्षाला गाइडची तोंडी परीक्षा असते, सगळी इंग्रजीत. परीक्षक म्हणजे बसमधून उतरलेले पर्यटक असं धरायचं, आणि त्यांना आपण वर्गातच वीस मिनिटांत गाव दाखवायचं. गाव एकच, आमच्या जुन्या पुस्तकात धडा म्हणून दिलेलं. ‘असं म्हणतात’ म्हणायचं नाही, ‘तुमच्या डावीकडे पाहा’ म्हणायचं. डावीकडे स्टीलचं कपाट असायचं, ते संग्रहालय. फळा म्हणजे चर्च, खिडकी म्हणजे कालवा. नापास झालं तर वर्ष जातं.

मी आमच्या सरांना आधीच भीत भीत विचारलं होतं, “सर, त्याऐवजी मी आपला अफझलगंजचा बाजार दाखवला तर?”

“तिथं काय दाखवणार? ट्रॅफिक?” सर म्हणाले. वर्ग हसला. मी खाली बसले.

पण ते डोक्यातून जाईना. पुस्तकात गुरुवारच्या बाजारावर अख्खं पान आहे. चीजचे ठेले, फुलांच्या कुंड्या, आणि शेवटी ‘गर्दीचा आनंद घ्या’. अफझलगंजात पोती उतरवणाऱ्यांच्या, आल्यालसणाच्या वासाच्या, मुसी नदीच्या पुलापर्यंत लागलेल्या हातगाड्यांच्या गर्दीला कुणी कधी आनंद म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिला वळसा घालून जायला सांगतात.

तयारी मी आईजवळ बसून करायचे. माझी आई काचीगुड्याकडच्या एका देवळाबाहेर चपला सांभाळते. लाकडी खण, प्रत्येक खणाला नंबर, त्याच नंबरचं पत्र्याचं टोकन. संध्याकाळी गर्दी नसली की मी तिला गाव दाखवायचे आणि ती एखाद्या प्रवाशासारखी नीट ऐकायची.

“चक्की रविवारीच का गं चालते? बाकीचे दिवस पीठ कोण दळतंय?”

“आई, ती नुसती दाखवायला फिरवतात.”

“हौ? दाखवायला चक्की?” ती विचारात पडायची. “मग पीठ कुठून आणतात ते विचार की तुझ्या सरांना.”

चर्चबद्दल पुस्तकात तपशील पुष्कळ होते. खिडक्यांच्या रंगीत काचा, लोकरीच्या व्यापाऱ्याची दगडी कबर, किंचित कललेला मनोरा. आत जाताना काय करायचं, याबद्दल मात्र एकच ओळ: योग्य तो आदर राखण्याची पर्यटकांना विनंती करावी. ती विनंती कशा शब्दांत करायची यावर मी दोन दिवस घालवले.

परीक्षेला मी पाणपोई दाखवली, संग्रहालय दाखवलं, आणि फळ्यासमोर येऊन म्हणाले, “कृपया बूट इथे दाराच्या डाव्या बाजूला काढून ठेवा. जोड एकत्र ठेवा, म्हणजे परतताना शोधावे लागणार नाहीत.”

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हसू लागल्या. सरही हसले.

“आमची अख्खी बस अनवाणी केलीत की तुम्ही!” मॅडम म्हणाल्या. “कोणत्या पानावर आहे हे?”

पुढचं मला आठवेना. गिरणी राहिली, हवेली राहिली. मी कपाटाला टेकून उभी होते. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं. ती शेवटची संधी होती.

बाहेर वर्गातली पोरं थांबलेली. बातमी माझ्याआधी पोचली होती. एकाने पाय पुढे केला. “ओ मॅडम, हमारी चप्पल भी रख लेव ना! टोकन देव!”

माझी आई काय काम करते, हे त्याला माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मी काय केलं? मीही हसले. त्या दिवसातल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त राग या हसण्याचा येतो.

बाकीच्यांचाही येतोच. आमच्या गल्लीच्या तोंडाला चर्च आहे. रविवारी सकाळी तिथल्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग असतो, लोक अनवाणी आत जातात. मॅडम याच शहरात राहतात, त्यांनी तो ढीग पाहिला नसेल? आदर म्हटल्यावर मी जे रोज बघते तेच सांगितलं. इंग्लंडात बूट घालूनच आत जातात हे पुस्तकाने सांगितलं नाही, सरांनी सांगितलं नाही. चुकले असेन. मग ‘असं नाही, असं’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

आईच्या देवळात कधीकधी परदेशी पाहुणे येतात. काहीजण बुटांसकट थेट पायरीपर्यंत जातात. आई ओरडत नाही, हसत तर नाहीच. समोर जाऊन आपल्या अनवाणी पायांकडे बोट दाखवते, मग त्यांच्या बुटांकडे. ते ओशाळून खाली वाकतात, आणि आई नाडी सुटेपर्यंत त्यांची पिशवी धरते. शाळेत न गेलेल्या बाईला हे जमतं.

पंधरा दिवसांनी त्याच खोलीत, त्याच दोघांसमोर मी उभी राहिले. सरांनी आधीच बजावलं होतं, “चर्चपाशी फक्त ‘आत चला’ म्हण. बाकी काही नको.”

मी फळ्यापाशी आले. म्हणाले, “दार बुटकं आहे, डोकं सांभाळा. बूट पायात राहू द्या, इथली पद्धत तशी आहे. आमच्या हैदराबादेत आम्ही ते बाहेर काढतो. कुणाला काढावेसे वाटले, तर मी दाराशी थांबते.”

मॅडमनी वर पाहिलं. “हे पुन्हा कशाला?”

“मॅडम, माझी आई देवळाबाहेर चपला सांभाळते. म्हणून मागच्या वेळी तसं बोलले.” मी तिथेच थांबले नाही. “तुम्ही ते गाव पाहिलंय का?”

सरांनी खोकून मला खुणावलं. मॅडम म्हणाल्या, “नाही.” मग वहीकडे बघत, “पुढे चला. गिरणी.”

मी गिरणी दाखवली. चाक रविवारी फिरतं हे सांगितलं, हवेलीपर्यंत नेलं, बस सुटायची वेळ सांगितली. काठावर पास झाले. शेऱ्यात लिहिलं होतं: गरज नसलेले स्थानिक उल्लेख टाळावेत.

संध्याकाळी आईच्या चपलांच्या स्टँडवर गेले. आई एका म्हाताऱ्याच्या काठीसाठी खणात जागा करत होती.

“काय झालं गं? बुटांचं काय केलंस?”

“पास झाले. बूट घालूनच गेले सगळे आत.”

“एवढ्या पावसाच्या मुलखात? चिखलाचे बूट घेऊन?” तिला खरंच पटेना. “मग दाराशी कुणी बसत नाही?”

“नाही.”

“म्हणजे मी तिथं गेले असते तर उपाशी मेले असते,” ती म्हणाली आणि हसू लागली.

“हसू नको,” मी म्हटलं. आवाज चढलाच. समोरून एक बाई चपला हातात घेऊन येत होती. मी आईच्या आधी उठले आणि टोकन दिलं.