मी कॉइलीला मीटर लावलं न्हवतं

धूर निघाला तवा मला आधी उदबत्तीचाच वाटला. हळदीच्या मांडवात, ज्यांना आमी स्पीकर करून दिले त्या मामी माझी ओटी भरायल्या व्हत्या, पदरात खन-नारळ पडलेला, कडंवर लेकरू, आन समोर गानं वाजवायच्या मशीनीच्या जाळीतून काळा धूर यायला लागला. गानं घरघरलं, एकदा मोठ्यानं खरखरलं आन बंद पडलं. हळद लावता लावता बाया थांबल्या. "आरं वायर काढा, वायर!" कोनतरी वरडलं. आमच्या ह्यांनी पळत जाऊन पिन उपसली. मी जागची हालले न्हाई. काय झालं, काय झालं म्हनून सगळे इचारायले व्हते, आन मला इचारायची गरजच न्हवती.

आमी नवराबायको देवगाव फाट्याजवळ दोन खोल्यात स्पीकर बनवतो. हातानं. प्लायवूडचे डबे कापनं, ठोकनं, कागदाचा कोन चिकटवनं, रंग, सगळं हे करतेत. आतली कॉइल माझी. केसावानी बारीक तांब्याची तार नळीवर गुंडाळायची, वेढ्याला वेढा लावून. माझी बोटं बारीक म्हनून हे काम माझ्याकडं आलं. सातवीत शाळा सुटली, मोठी मोजनी डोक्यात ऱ्हात न्हाई, म्हनून मी आपली एक रीत काढली. धा वेढे झाले की वाटीत ज्वारीचा एक दाना. ठरलेले दाने भरले की कॉइल झाली. मग मीटर लावायचं, काटा बरोबर जागी आला तरच ती कागदी कोनावर चिकटवायची. वेढे कमी पडले की मशीनीवर जोर येतो, मशीन तापतं, जळतं बी.

बाजारात तयार स्पीकर आमच्यापेक्षा स्वस्त मिळतो आन दिसतो बी चकचकीत. आमच्याकडं मानूस येतो ते ह्यांच्या एका बोलावर. "मीटर लावल्याबिगर आमच्या घरातून स्पीकर भाईर जात न्हाई." हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतेत, छाती काढून सांगतेत.

मामा बी त्याच बोलावर आले. नात्यातले न्हाईत, मानानं मामा म्हनायचं. जन्मभर मेंढरामागं चालले, आता गुडघे गेले. चांगल्या दुभत्या शेळ्या इकून गानं वाजवायचं जुनं मशीन घेतलं आन आमाला दोन मोठे डबे करायला सांगितले. "हळदी, बारशी, जावळं, गावोगाव वाजवीन. आता बसून खायचे दिस आले," म्हनले. मामी लगेच म्हनल्या, "बसतेत कुठं! मेंढरं सरली, आता पावन्यायला हाकत फिरतेन."

त्यांची पैली हळद परवावर आलती. चिकटवल्यावर गोंद दिसभर वाळावा लागतो, म्हनून घाई. मी दुसरी कॉइल गुंडाळायले व्हते. त्याच जागी सकाळी ज्वारी निसली व्हती, झाडायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं. लेकराला दात यायलेत, सारखं किरकिर करायलं, रांगत आलं आन वाटी उलथी केली. दाने सगळीकडं. किती व्हते ते मला आठवंना. तार सोडून परत पैल्यापासून गुंडाळायला पायजे व्हतं. पर भाईरून ह्यांचा आवाज, "आगं झालं का? गोंद काढून ठेवलाय, घट्ट व्हायलाय." मी जमिनीवरचे दिसतील ते दाने येचले. त्यात सकाळचे किती, माझे किती, कोनाला म्हाईत. वाटीत तर मोप भरले. दाने पुरे झाले म्हनून मी गुंडाळायची थांबले.

कॉइल जरा आखूड दिसायली. मी नखानं वेढे थोडे फाकवले, लांब दिसावी म्हनून. ही गोष्ट मी आजपस्तोर कोनाला सांगितली न्हाई.

"मीटर लावलंस का?"

"लावलं."

"बरोबर आलं?"

"आलं की."

मीटर वरच्या फळीवर व्हतं. लेकरू तवर मांडीवर झोपलं व्हतं, उठले तर ते उठलं आसतं. एवढंच.

आमच्याकडं नवा स्पीकर पैल्यांदा वाजतो तिथं करनाऱ्याला बोलवून मान देतेत. पैलं गानं करनाऱ्याच्या हातानं लावायचं, त्याला टोपी-टावेल, बायकोची ओटी. दोन गानी झकास वाजली. ह्यांच्या डोक्यावर नवी टोपी. मला वाटायलं, निभलं. मग कोनीतरी पावना म्हनला, "मामा, वाढवा की जरा!" मामानं बटन फिरवलं, मामीनं माझ्या पदरात नारळ टाकला, आन धूर.

हे म्हनले, "मामा, तुमी आवाज लय वाढवला. स्पीकरचा कसूर न्हाई, मीटर लावून आनलाय. व्हय न गं?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मी म्हनले, "व्हय."

"आवो मामा, ते बटन हाय, मेंढराचा कान न्हवं पिळायला!" एकजन म्हनला. लोक हसले. मामा बी हसले, कसनुसं. मग माझ्याजवळ आले. "माझंच चुकलं. अडानी हात माझा. तू कामून रडायलीस पोरी?"

भरलेली ओटी घेऊन मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी हे मशीन घेऊन परभणीला गेले. जाताना म्हनले, "कॉइल बी तापून गेली आसंल, नवी भर." मी जुनी सोडवली, मीटर लावलं. काटा पायजे त्याच्या आर्ध्यावर. ती कॉइल मी चुलीत टाकली. तांबं लवकर जळत बी न्हाई, लाल व्हऊन पडून ऱ्हातं. नवी भरली, खडूनं भिंतीवर रेघा मारून, तीनदा मीटर लावून. परभणीचा मिस्त्री ह्यांना म्हनला व्हता की आधी स्पीकर तपासा, तर हे त्याच्याशी भांडून आले. माझ्यासाठी.

मशीन दुरुस्त झालं. पर मामानं बटनाला काळा दोरा बांधलाय, त्याच्यापुढं फिरवीतच न्हाईत. आवाज शेजारच्या घराला जात न्हाई. लोक म्हनतेत, "मामा, कानात सांगायलाव काय?" आता बलावनं येईना.

आज दुपारी मामी आल्त्या, हे घरी न्हवते. "आयकंनात बाई कुनाचं," म्हनल्या. "म्हनतेत, माझा हातच वाईट, परत जाळीन. डबे इकून टाकायचे म्हनायलेत, आन परत दुसऱ्याच्या मेंढरामागं. त्या गुडघ्यानं."

मी चहा ठिवला. आता सांगते, आता सांगते म्हनत कप त्यांच्यापुढं धरला. तोंड उघडलं आन म्हनले, "साखर कमी झाली का वो?"

"न्हाई, गोड हाय," म्हनल्या. लेकराचा मुका घेतला आन गेल्या.

हे मला मारनार न्हाईत, वरडनार बी न्हाईत. नुसतं बघतील. आन पुढचं गिऱ्हाईक दारात आल्यावर तो मीटरचा बोल म्हनायला जातील आन मधीच थांबतील. ते थांबनं मला बघवनार न्हाई. आन मामानं मेंढरामागं लंगडत जानं, ते बघवंल का? एक वाक्य हाय माझ्याकडं, तिकडं बोलले तर मामाच्या हातातली भीती जाईल, पर तेच इकडं कळलं तर ह्यांची मान खाली जाईल. भाईर ह्यांची गाडी आल्याचा आवाज यायलाय.

तुमी माझ्या जागी आसता तर काय केलं आसतं? त्या दिवशी मांडवात, व्हय म्हनायच्या आधी, काय केलं आसतं?